पोट्टी, गोचीड आणि पलीकडचे गार्डसाहेब

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाई वलगावचं शेतातलं घर सोडून अमरावतीला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. पुतण्याच्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून दोन पेट्या उतरल्या, पाटा-वरवंटा उतरला आणि सगळ्यात शेवटी सासूबाईंच्या पदराआडून एक तांबूस कुत्री उतरली. तिचा एक कान उभा होता आणि दुसरा मध्येच दुमडलेला. पेट्यांची मला कल्पना होती. कुत्रीबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"पोट्टी व्हय," सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन चहा मागितला.

तिला वेगळं नाव नव्हतं. वऱ्हाडात घरातल्या मुलीला जसं पोट्टी म्हणतात, तसंच हिलाही. मी लहानाची मोठी झाले अकोल्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. भिंतीवरची पाल सोडली तर कुठल्याच प्राण्याशी माझा रोजचा संबंध आला नव्हता. नवरा नोकरीसाठी नागपूरला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. म्हणजे घरात सासूबाई, मी आणि पोट्टी. मी शिक्षिका, माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरी आलं की आम्ही तिघी अंगणात.

गोचीड मी पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. अंगणाच्या भिंतीवर एरंडीच्या बीसारखं काहीतरी राखाडी, टपोरं चढत होतं. बी भिंत चढत नाही एवढं मला कळत होतं, म्हणून मी ओरडले.

"अवं, गोचीड व्हय थो," सासूबाई हसत म्हणाल्या. "जनावर म्हटलं का गोचीड आलेच. भेतेस काहून?"

दुपारी बाजेवर बसून पोट्टीचं डोकं मांडीवर घेऊन तिचे गोचीड काढणं हा त्यांचा आवडता उद्योग होता. शेजारी वाटीत कुठून तरी पैदा केलेलं रॉकेल. एक गोचीड नखानं उपटायचा, वाटीत टाकायचा, पुढचा शोधायचा. वाल सोलावेत इतक्या सहज. खांद्यात मोबाइल धरून त्याच वेळी बहिणीशी गप्पाही चालायच्या. पोट्टी डोळे मिटून पडलेली असायची. बघताना मला शिसारी यायची, पण दोघींचं इतकं छान चाललेलं असायचं की मी काही बोलत नसे.

आमच्या भिंतीपलीकडे गार्डसाहेब राहतात. रेल्वेत गार्ड होते, बडनेऱ्याहून गाड्या घेऊन जायचे. निवृत्त झाल्यावर इथे घर बांधलं. बायको नाही, मुलगी भुसावळला दिलेली. सोबतीला एक जर्मन शेफर्ड, आकारानं वासराएवढा. त्या कुत्र्याची बडदास्त म्हणजे बघत राहावी. सकाळी उठून त्याचा अंगभर कंगवा. बोटांच्या बेचक्यात, कानांत, शेपटीखाली तपासणी. ठरल्या दिवशी गोचिडांवरची गोळी. अंगणात गवताची काडी वाढू द्यायची नाही, पाला साचू द्यायचा नाही.

"थो कुत्रा पाळते का जावई?" सासूबाई विचारायच्या. पण ते कौतुकानं. सुरुवातीला दोघांचं बरं होतं. भिंतीवरून अळूची पानं जायची, तिकडून लिंबं यायची.

बिनसलं ते पावसाळ्याच्या शेवटी. त्या ओल्या उबेत गोचीड इतके वाढले की सासूबाईंची वाटी पुरेना. पोट्टीच्या कानात द्राक्षांच्या घोसासारखे लटकले. अशात एका रविवारी वलगावहून पुतण्या आला आणि पिशवीतून एक बाटली काढली. कपाशीवर फवारायचं औषध, फवारणीतून उरलेलं.

"काकू, एक झाकण बादलीत टाक आन् पूस हिले. एक गोचीड राहाचा नाई."

सासूबाईंनी पदर खोचला. बादली भरली. बाटलीचं झाकण उघडताच तो उग्र वास अंगणभर झाला. मी खिडकी लावायला उठले, तेवढ्यात भिंतीपलीकडून शिटी वाजली. अशी कानठळ्या बसवणारी की पोट्टी थेट न्हाणीघरात पळाली. गार्डसाहेब भिंतीवरून अर्धे इकडे आलेले, तोंडात शिटी, चेहरा लाल.

"काकू, थांबा! विष आहे ते! कातडीतून अंगात जातं. वरून कुत्रं अंग चाटतं. मरेल ती!"

सासूबाईंना असं कोणी कधी थांबवलं नव्हतं, आणि तेही सासरचं माणूस समोर असताना. "मले शिकवू नका," त्या म्हणाल्या. "जनम गेला जनावरं सांभाळन्यात."

पण औषध त्यांनी बादलीत टाकलं नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती पुतण्याच्या हाती परत दिली, हात साबणानं दोनदा धुतले, आणि त्या दिवसापासून गार्डसाहेबांशी बोलणं बंद केलं. अळूची पानं थांबली. लिंबं मी बाजारातून आणू लागले.

चार दिवसांनी गार्डसाहेब मला फाटकाशी भेटले. "ताई, एकदा डॉक्टरांकडे न्या तिला. वजन बघून गोळी देतात. आणि काकूंना सांगा, नखानं उपटू नका, रॉकेल नको. चिमट्यानं कातडीलगत धरायचा आणि सरळ ओढायचा."

मी घरात येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"गोळी मानसाले. कुत्र्याले भाकर," त्या म्हणाल्या. विषय संपला.

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. एका सकाळी दूधवाल्याचा भोंगा वाजला आणि पोट्टी उठली नाही. रोज फाटकापर्यंत धावणारी कुत्री गोणपाटावर तशीच पडून राहिली. दुधात कुस्करलेली भाकर समोर ठेवली तर तिनं मान फिरवली. सासूबाई खाली बसल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्या खाली बसत नसत, तरी बसल्या. पोट्टीचा ओठ वर केला.

"सूनबाई, इकडं ये. हिच्या हिरड्या पाय."

मी वाकून पाहिलं. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. अंग तापलेलं. थोड्या वेळानं ती कशीबशी उठली, कोपऱ्यात जाऊन लघवी केली, तर ती कोऱ्या चहाच्या रंगाची.

"आमच्या गाईले झालतं असं," ते पाहून सासूबाई म्हणाल्या. "लघवी लाल झाली, आन् गाय गेली. तवा कोनी सांगतलं नाई कायनं झालं थे."

मी गाडी काढली. आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर एक तरुण बाई आहेत. त्यांनी पोट्टीच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला. मग आम्हाला समोर बसवलं.

"गोचीडताप आहे. गोचीड रक्त पितो तेव्हा त्याच्या तोंडातून जंतू आत सोडतो. ते जंतू तिच्या तांबड्या पेशी फोडतायत. इंजेक्शन मी आत्ता देते, पण रक्त इतकं कमी झालंय की औषधाचा गुण येईपर्यंत ती टिकणं अवघड आहे. तिला रक्त द्यावं लागेल. अकोल्याला सोय आहे. मी फोन करते, आजच न्या."

"कुत्रीले रक्त? कोनाचं?" सासूबाई.

"दुसऱ्या कुत्र्याचं. मोठा, धडधाकट हवा. लसी झालेल्या हव्यात. आणि अंगावर गोचीड नकोत, म्हणजे गोचीडतापाचा संशय नको. असा कुत्रा सोबत घेऊन गेलात तर वेळ वाचेल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अख्ख्या कॉलनीत असा एकच कुत्रा होता.

घरी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. गार्डसाहेबांना काय म्हणायचं, सुरुवात कुठून करायची. गाडी थांबली तशी सासूबाईंनी दार उघडलं आणि काठी बाहेर काढली.

"तू बस हिच्यापाशी. मी जाते. भांडन माहं हाये."

गार्डसाहेब बनियनवर, झाडांना पाणी घालत होते. सासूबाई त्यांच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"गार्डसाहेब."

"बोला काकू."

"तुमच्या कुत्र्याचं रक्त पायजे."

पाण्याचा पाइप तसाच हातात. पाणी त्यांच्या चपलांवर पडत राहिलं. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिलं, मागच्या सीटवर निपचित पडलेली पोट्टी पाहिली आणि पाइप खाली टाकला.

"शर्ट घालून येतो," ते म्हणाले.

ते येईपर्यंत सासूबाई घरात जाऊन एक डबा भरून घेऊन आल्या. माझी गाडी लहान. पुढे सासूबाई, मांडीवर चादरीत गुंडाळलेली पोट्टी. मागे गार्डसाहेब आणि त्यांचा कुत्रा, म्हणजे खरं तर कुत्रा आणि उरलेल्या जागेत गार्डसाहेब. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाला मागे बसण्याचं काहीच वाटत नव्हतं. कुत्र्यानं डोकं आमच्या दोन सीटांच्या मधून पुढे काढलं आणि अकोल्यापर्यंत माझ्या कानात श्वास सोडत राहिला.

बडनेरा मागे पडलं. बोलत होते ते फक्त गार्डसाहेब, आणि तेही माझ्याशी, सिग्नल दिल्यासारखं. "मागं ट्रक आहे, जाऊ द्या." "आता मोकळं आहे, चला." मी जन्मात इतकी शिस्तीत गाडी चालवली नाही.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. सासूबाई गाडीतच बसून राहिल्या. गार्डसाहेब स्वतः बशीत चहा ओतून खिडकीशी घेऊन आले. सासूबाईंनी बशी घेतली, एक घोट घेतला.

"त्याले दुखन का?" त्यांनी कुत्र्याकडे पाहत विचारलं.

"सुई टोचताना थोडं. सोशीक आहे तो."

"काई खाऊ घालू का त्याले?"

"आत्ता नको. रक्त दिल्यावर."

सासूबाईंनी बशी रिकामी केली. "त्या दिवशी शिटी काहून वाजवली तुमी? मी काय मालगाडी हाओ?"

गार्डसाहेब इतके मोठ्यानं हसले की टपरीवाल्यानं वळून पाहिलं. मग हसू ओसरलं. "गार्डाची शिटी गाडी सोडायला असते, काकू, थांबवायला नाही. पण घाबरलो होतो. तोंडातून शब्दच फुटेना." ते खिडकीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. "क्वार्टरमध्ये होतो तेव्हा एक कुत्री होती माझी. अशीच गावठी. मी ड्युटीवर गेलो, शेजाऱ्याला म्हटलं लक्ष ठेव. त्यानं तिच्या अंगावरचे गोचीड पाहिले आणि बिचाऱ्यानं प्रेमानं आंघोळ घातली. याच फवारणीच्या औषधानं. मी परत आलो तर..."

सासूबाईंनी बशी परत दिली.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "उशीर होते."

त्या गार्डसाहेबांना पहिल्यांदाच भाऊ म्हणाल्या. मी आरशातून मागे पाहिलं. गार्डसाहेब कुत्र्याला सरकवत बसले आणि उगाचच चष्मा पुसत राहिले.

अकोल्यात ऑक्टोबरातही ऊन भाजतं. दवाखान्याच्या आवारात शिंगाला पट्टी बांधलेला बैल, दोन शेळ्या, पिंजऱ्यातला एक रागीट पोपट असा सगळा मेळा होता. फोन गेलेला असल्यामुळे आम्हाला थांबावं लागलं नाही. आधी गार्डसाहेबांच्या कुत्र्याची तपासणी झाली. रक्ताचा थेंब काचेवर घेतला, पोट्टीच्या रक्ताशी मिसळून पाहिला. डॉक्टर वयानं मोठे होते, कमी बोलणारे. त्यांनी त्याच्या कानांत पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं आणि गार्डसाहेबांना म्हणाले, "असा स्वच्छ कुत्रा महिन्यातून एखादा बघायला मिळतो." गार्डसाहेबांची मान ताठ झाली. सासूबाईंनी ते ऐकलं आणि काठीच्या मुठीकडे बघत राहिल्या.

कुत्र्याला टेबलावर कुशीवर झोपवलं. मानेजवळचे केस काढले. सुई पाहून तो उठायला लागला, तसं गार्डसाहेबांनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि कानात काहीतरी पुटपुटायला लागले. मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. जवळ गेले तर ते स्टेशनं म्हणत होते.

"बडनेरा... कुरुम... माना... मूर्तिजापूर... काटेपूर्णा... बोरगाव... अकोला..."

कुत्रा शांत झाला. पिशवी हळूहळू भरत होती.

"...शेगाव... जलंब... नांदुरा... मलकापूर..."

भुसावळ यायच्या आत पिशवी भरली. डॉक्टरांनी सुई काढली, कुत्र्याच्या डोक्यावर थोपटलं. सासूबाईंनी घरून डब्यात काय आणलं होतं ते मला तेव्हा कळलं. साखर न घालता उकळलेलं दूध आणि भाकर. डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांनी आपल्या हातानं त्याला घास घास भरवलं. एवढा मोठा कुत्रा मांजरासारखा हळूच खात होता.

मग पोट्टीची पाळी. लटकवलेल्या पिशवीतून थेंब थेंब रक्त तिच्या पायात जाऊ लागलं. सासूबाई स्टुलावर, एक हात तिच्या पोटावर. गार्डसाहेब दाराशी. मी आत-बाहेर करत होते, कारण मला एका जागी बसवत नव्हतं. हे सांगताना आजही नवल वाटतं. वर्षभर त्या कुत्रीला मी पायातून बाजूला हो एवढंच म्हणत आले होते, आणि त्या दुपारी तिच्या ओठांचा रंग बघायला दर थोड्या वेळानं आत जात होते.

दुपार कलली तेव्हा सासूबाईंनीच हाक मारली. "अवं, पाय पाय!"

हिरड्यांवर फिकट गुलाबी झाक आली होती. जास्त नाही, पण सकाळचा चुना गेला होता. पोट्टीनं डोळे उघडले. शेपटीचं फक्त टोक हललं. सासूबाई पदरानं डोळे पुसायला लागल्या आणि गार्डसाहेब घाईनं बाहेर जाऊन त्या पोपटाशी बोलायला लागले.

निघताना डॉक्टरांनी सासूबाईंना बसवून समजावलं. सासूबाई त्यांना सारख्या प्रश्न विचारत होत्या. "मी तं रोज काढत होते. वाटी भरे."

"आजी, तुम्ही काढत होता ते फक्त अंगावरचे. त्याहून किती तरी जास्त तुमच्या भिंतीच्या फटीत आहेत, गोणपाटात आहेत, पाल्यात आहेत. एक मादी खाली पडली की अंडी हजारांनी घालते. अंगावरचे काढून घर तसंच ठेवलं तर उपयोग नाही."

"मंग घरात थे औषध फवारू का?"

दाराशी उभे असलेले गार्डसाहेब खोकले. डॉक्टर हसले. "शेतातलं काहीही घरात नको. जनावराच्या अंगावर तर मुळीच नको. गोळी आम्ही वजन करून देतो, ती तिचीच, दुसऱ्या कोणाची चालत नाही. आणि गोचीड दिसेनासे झाले म्हणून गोळी बंद करायची नाही."

परतीच्या वाटेवर सासूबाई मागे बसल्या, कारण त्यांना पाय लांब करायचे होते असं त्यांनी सांगितलं. गार्डसाहेब पुढे आले. आरशात मला दिसत होतं ते असं, सासूबाईंच्या मांडीवर पोट्टी आणि खांद्यावर त्या वासराएवढ्या कुत्र्याचं झोपलेलं डोकं. त्या जरासुद्धा हलल्या नाहीत.

"आता हे रक्ताचं नातं झालं," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणाची झाडाझडती सुरू झाली. गोणपाट गेलं, जुन्या चादरी आल्या आणि त्या उकळत्या पाण्यात धुतल्या जाऊ लागल्या. पाल्याचा ढीग उचलला. गार्डसाहेब थापी आणि सिमेंट घेऊन आले आणि भिंतीच्या फटी बुजवत बसले. मी कालवून देत होते, सासूबाई खुर्चीवरून फटी दाखवत होत्या. "तिथी एक राहिली. तुमाले दिसत नाई का?" रॉकेलची वाटी घासून ठेवली. त्याऐवजी चिमटा आला. चिमट्यासोबत हातमोजे हवेत, तर सासूबाईंनी माझे केसांना रंग लावायचे हातमोजे उचलले. काळे डाग पडलेले ते मोजे घालून, चष्मा नाकावर आणून त्या पोट्टीचे कान तपासू लागल्या की एखाद्या मोठ्या सर्जनसारख्या दिसायच्या.

पोट्टीला बरं व्हायला वेळ लागला. रोज औषध असायचं. सासूबाई गोळी भाकरीत लपवायच्या. पोट्टी भाकर खायची आणि गोळी चाटून पुसून, चकचकीत करून बाजूला ठेवायची. शेवटी गार्डसाहेबांनी जबडा धरून गोळी जिभेच्या मुळाशी कशी ठेवायची ते शिकवलं. पण गोचिडांवरची जी गोळी होती, तिला कसलासा वास होता आणि ती पोट्टी हातातून हिसकावून खायची. याचं सासूबाईंना फार वाईट वाटलं. "माह्या भाकरीपक्षा गोळी गोड लागते हिले!"

हे सगळं होऊन आता बराच काळ झाला. पोट्टी फाटकापर्यंत धावते, दूधवाल्यावर भुंकते. हल्ली मलाही तिच्या बोटांची बेचकी तपासता येते, आणि शाळेत कोणाच्या घरी कुत्रं आणलं असं कळलं की मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला गाठून गोचिडांबद्दल विचारते. मुलं मला बघून वाट बदलतात.

गेल्या महिन्यात गार्डसाहेबांच्या मुलीचं बाळंतपण होतं. ते भुसावळला गेले आणि कुत्रा आमच्याकडे ठेवून गेले. जाताना कंगवा, चिमटा, गोळी कधी द्यायची ते सगळं समजावलं. रोज सकाळी त्यांचा फोन. सासूबाई स्पीकरवर उत्तरं द्यायच्या.

"कान पाहिले का काकू?"

"पाहिले. एक सापडला डाव्या कानात, लहान. काढला चिमट्यानं."

"जेवतो का नीट?"

"जेवते ना बाप्पा! दूध-भाकर, वरन-भात, परवा पुरनपोळी खाल्ली."

"काकू, पुरणपोळी?"

"सन होता ना! त्याले काय नाई म्हनू?"

गोळी द्यायचा दिवस आला तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. वजनकाट्यावर चढवलं आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीची गोळी त्याला आता पुरणार नव्हती, त्याच्या वरच्या वजनाची घ्यावी लागणार होती. गार्डसाहेबांनी त्या कुत्र्याचं वजन इतकी वर्षं जिथल्या तिथे राखलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. सासूबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, कुत्र्याच्या पोटाकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तूच सांग त्याहिले," त्या म्हणाल्या आणि दोन्ही कुत्र्यांना घेऊन मागच्या दारानं अंगणात गेल्या.